शहराच्या मध्यभागात आधी पैसा कोणी घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराचा मध्यभाग ओस पडत चालला आहे, वरचे मजले वर्षानुवर्षे बंद आहेत, नगर प्रशासनाने पुनरुज्जीवनासाठी मोठी तरतूद केली आहे आणि त्यावरून तीन तट पडले आहेत. एक म्हणतो, सरकारने आधी खर्च करावा, खासगी पैसा मागून येईल. दुसरा म्हणतो, विकासकांना सवलती द्या, तेच भाग उभा करतील. तिसऱ्याच्या मते हा सगळा जनतेचा पैसा बिल्डरांच्या खिशात घालण्याचा मार्ग आहे. यांपैकी बरोबर कोण, आणि पैसा सत्कारणी लागला की वाया गेला हे ओळखायचं कसं?

मी या कामात पंचवीस वर्षं आहे. सुरुवातीची वर्षं नगर प्रशासनाच्या बाजूने, नंतरची प्रकल्पांना कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांत बसल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगतो. सरकारी पैशाने जोखीम कमी करावी, नफा वाढवू नये. बोलताना हा फरक बारीक वाटतो. पण मध्यभाग सावरलेली आणि पैसा गमावून बसलेली शहरं पाहिली, तर बहुतेक वेळा फरक इथेच पडलेला दिसतो.

आधी इमारती रिकाम्या का राहतात ते बघू. मालक आळशी आहेत, लोभी आहेत, त्यांना शहराची कदर नाही, असं सभांमध्ये ऐकू येतं. तसे मालक असतातही. पण बहुतेक ठिकाणी कारण हिशेबात असतं. समजा एक जुनी तीन मजली इमारत आहे. ती विकत घेऊन नीट दुरुस्त करायला एकूण १०० लागतात. आगीच्या वेळी उतरायचा दुसरा जिना, लिफ्ट, नवीन नळ आणि वायरिंग, सगळं त्यात आलं. काम पूर्ण झाल्यावर त्या भागातल्या भाड्यांच्या हिशेबाने तिची किंमत भरते ७५. कर्ज देणारा खर्चाकडे बघत नाही, किमतीकडे बघतो. किमतीच्या ६५ टक्के कर्ज दिलं तर हातात येतात ४९. उरलेले ५१ मालकाने स्वतःचे घालायचे, आणि काम संपल्या दिवशी त्यातले २५ बुडालेले असतात. कोणताही शहाणा माणूस अशा वेळी इमारतीला कुलूप लावून वाट बघतो.

आता ही २५ ची तूट कशामुळे आली? इथे बहुतेक अहवाल घाई करतात. तुटीची दोन वेगळी कारणं असतात आणि दोघांवरचे उपायही वेगळे. पहिलं कारण खर्चाचं: जुन्या इमारतीचं काम नव्यापेक्षा किचकट असतं आणि भिंत फोडल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही. दुसरं कारण शेजाराचं. शेजारच्या चार इमारती बंद, रात्री रस्त्यावर अंधार, फुटपाथ फुटलेला, पाऊस पडला की गटार वर येतं, म्हणून भाडं कमी. माझी इमारत मी कितीही छान केली तरी भाडं शेजारावरून ठरणार. उलट मी पैसे घातले तर माझ्यापेक्षा शेजाऱ्याचा फायदा जास्त, कारण त्याने काही न करता त्याच्या जागेचा भाव वाढतो. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. पहिल्याने सगळी जोखीम घ्यायची आणि फळं मागून येणाऱ्यांनी खायची, अशी ही अडचण आहे. कोणताही एक खासगी माणूस ती सोडवू शकत नाही. सरकारने मध्यभागात पैसा घालावा याचं माझ्या मते हे सर्वांत प्रामाणिक कारण आहे. हे कारण जिथे लागू पडत नाही, तिथे मी प्रशासनाला हात आखडता घ्यायलाच सांगतो.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण बघा. १९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सला विमानांच्या देखभालीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. अनेक शहरांनी त्यासाठी बोली लावली. ओक्लाहोमा सिटीने भरघोस सवलती देऊ केल्या, तरी केंद्र गेलं इंडियानापोलिसला. महापौर रॉन नॉरिक कारण शोधत गेले, तेव्हा लक्षात आलं की कंपनीच्या माणसांना या शहरात राहावंसंच वाटत नव्हतं. डिसेंबर १९९३ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला गेला: ठरावीक मुदतीपुरता १ टक्का विक्रीकर, त्यातून मध्यभागात बांधायच्या प्रकल्पांची यादी आधीच जाहीर, आणि कर्ज काढायचं नाही, कर जमेल तसं बांधायचं. प्रस्ताव काठावर मंजूर झाला. सुमारे ३० कोटी ९० लाख डॉलर जमले. १९९८ मध्ये बॉल पार्क उघडलं, १९९९ मध्ये ब्रिकटाउनमधला कालवा, पुढे इनडोअर स्टेडियम आणि मध्यवर्ती वाचनालय. जुन्या गोदामांच्या त्या भागात हॉटेलं आणि घरं आली आणि मतदारांनी पुढे २००१, २००९ आणि २०१९ मध्ये अशाच योजनांना पुन्हा होकार दिला.

इंडियानापोलिसमधलं ते केंद्र युनायटेडने २००३ मध्ये सोडलं. जिंकलेल्या शहराच्या हातून कंपनी गेली आणि हरलेल्या शहराकडे कालवा, रस्ते आणि वाचनालय राहिलं. एका कंपनीला दिलेला पैसा कंपनीबरोबर निघून जाऊ शकतो. जमिनीत, रस्त्यात, पाण्याच्या वाहिनीत घातलेला पैसा जागचा हलत नाही. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या नगरसेवकाला सांगतो.

यातून स्टेडियम बांधा असा अर्थ मात्र काढू नका. स्टेडियमवरच्या सरकारी खर्चाचा अर्थशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं अभ्यास केला आहे आणि शहराला त्यातून खर्चाइतकं परत मिळत नाही यावर त्यांचं दुर्मिळ म्हणावं असं एकमत आहे. ओक्लाहोमा सिटीने जे बरोबर केलं ते वेगळंच. एकाच छोट्या भागात, काही वर्षांच्या आत, आधी जाहीर केलेल्या कामांची रांग पूर्ण केली. इमारतीच्या मालकाला दिसलं की समोरचं काम होणार म्हणजे होणार. त्याची जोखीम तिथे उतरली.

याच्या उलट डेट्रॉइट. मध्यभाग वाचवायला तिथे सगळ्यात आधी खासगी पैसाच पुढे आला होता. हेन्री फोर्ड द्वितीय यांच्या पुढाकाराने कंपन्या एकत्र आल्या आणि १९७७ मध्ये नदीकाठी रेनेसान्स सेंटर उभं राहिलं: मधोमध ७३ मजल्यांचं हॉटेल, भोवती कार्यालयांचे मनोरे. हेतू चांगला होता, पैसाही खरा होता. पण संकुलाने शहराकडे पाठ केली. रस्त्याच्या बाजूला उंच काँक्रीटचे बांध, आत शिरायचा रस्ता शोधावा लागे. त्यात भर म्हणजे कार्यालयं भरली ती मध्यभागातल्याच जुन्या इमारतींमधून भाडेकरू उचलून. आत दिवे लागले आणि बाहेरच्या चार रस्त्यांवरचे विझले. रस्त्याकडची बाजू उघडी करायचं काम मागाहून करावं लागलं. त्याच शहरात २००४ मध्ये कॅम्पस मार्टियस हे छोटं उद्यान उघडलं, सार्वजनिक आणि खासगी पैशातून. हलवता येणाऱ्या खुर्च्या, हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग, रोज काहीतरी चालू. मनोऱ्यांच्या मानाने त्याचा खर्च नगण्य होता, पण आजूबाजूच्या इमारतींना तोंड करायला एक जागा मिळाली. २०१० नंतर त्या परिसरात जी मोठी खासगी गुंतवणूक आली ती याच चौकाभोवती घट्ट बसली. त्याच काळात शहराला २०१३ ची दिवाळखोरीही सोसावी लागली, हे विसरून चालणार नाही. एका उद्यानाने शहर तरलं असं मी म्हणत नाही.

स्पेनमधल्या बिल्बाओबद्दल तर दर बैठकीत कोणीतरी बोलतंच. १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि गंजलेलं औद्योगिक शहर जगाच्या नकाशावर आलं, तसं एक संग्रहालय आपणही बांधू या. हे म्हणजे आधी कळस मग पाया. संग्रहालयाच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नदीत जाणारं सांडपाणी रोखून शुद्ध करण्याचं काम सुरू झालं होतं. १९९२ मध्ये बिल्बाओ रिया २००० ही संस्था स्थापन झाली. तिच्यात निम्मा वाटा स्पेनच्या केंद्रीय संस्थांचा आणि निम्मा बास्क प्रांतातल्या संस्थांचा. बंदर आणि रेल्वेकडच्या पडीक जमिनी एका हाताखाली आणायच्या, तिथे रस्ते-वाहिन्या करायच्या, मग विकायच्या आणि आलेला पैसा पुढच्या जमिनीत घालायचा, अशी तिची पद्धत. १९९५ मध्ये मेट्रो धावली. मग संग्रहालय. त्या शहराकडून उचलण्यासारखं काही असेल तर ती जमिनीची व्यवस्था आहे. वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या ताब्यातले तुकडे एका टेबलावर आणणं हे निम्मं काम असतं, आणि ते करायला पैशापेक्षा खात्यांची तयारी लागते.

लहान शहरासाठी कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरचं उदाहरण मला अधिक आवडतं. २०१० मध्ये, मंदीची झळ कायम असताना, त्यांनी मुख्य रस्त्याचा नऊ ब्लॉक लांबीचा पट्टा नव्याने आखला. गाड्यांचा वेग कमी केला, रस्त्याच्या मधोमध झाडं आणि पार्किंग, जे गरज पडेल तेव्हा बाजारासाठी किंवा मेळ्यासाठी मोकळं करता येतं. खर्च सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर, काम आठ महिन्यांत पूर्ण. त्यानंतर १३ कोटी डॉलरची खासगी गुंतवणूक आली असं सांगितलं जातं.

आता या अशा आकड्यांबद्दल. 'सरकारच्या एका रुपयामागे खासगी दहा आले' असं वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. मीही अशी वाक्यं लिहिली आहेत आणि ती लिहिताना काय काय त्यात धरलं जातं ते मला ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयाची नवी इमारत, विद्यापीठाचं वसतिगृह, दुसऱ्या योजनेतून अनुदान मिळालेली घरं, आणि तसंही येणारच होतं असं दुकान, सगळं 'खासगी' रकान्यात जातं. असं प्रमाण कोणी दाखवलं तर तीन गोष्टी विचारा. यातला किती पैसा शहराच्या दुसऱ्या भागातून इकडे सरकला? किती प्रकल्प सरकारी घोषणेच्या आधीच परवानगी घेऊन बसले होते? आणि किती प्रकल्पांत दुसऱ्या एखाद्या सरकारी खात्याचा पैसा आहे? उत्तरं मिळाल्यावर दहाचे तीन झाले तरी निराश होऊ नका. खरे तीन पुष्कळ असतात.

मोजायचंच असेल तर मला जमिनीमागचा कर मोजायला आवडतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये जो मिनिकोझी या नगररचनाकाराने हा हिशेब मांडला आणि तो गाजला. मध्यभागाबाहेरचं ३४ एकरांवरचं वॉलमार्ट दर एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर देत होतं. मध्यभागातली, एक पंचमांश एकरापेक्षा लहान जागेवरची, दुरुस्त केलेली जुनी इमारत एकरी हिशेबाने ६,३४,००० डॉलर देत होती. रस्ता, पाणी, अग्निशमन यांचा खर्च जमिनीच्या पसाऱ्याप्रमाणे वाढतो, त्यामुळे हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. ती इमारत अनेक वर्षं रिकामी होती, आणि तिला हात घालणाऱ्या गुंतवणूकदाराने झटपट परताव्याची अपेक्षा धरली नव्हती. असा सबुरीचा पैसा ही मध्यभागाची सगळ्यात मोठी गरज असते. सिनसिनाटीत २००३ मध्ये शहरातल्या मोठ्या कंपन्यांनी मिळून थ्रीसीडीसी ही ना-नफा संस्था उभी केली आणि कमी परताव्यावर दीर्घ मुदतीचा निधी दिला. आधी २००६ मध्ये फाउंटन स्क्वेअर हा चौक नव्याने झाला, मग ओव्हर-द-राइन या जुन्या वस्तीतल्या इमारती एकामागून एक. बँक आणि मालक यांच्या मधला जो थर कोणी भरत नाही, तो या निधीने भरला. तिथल्या गरीब भाडेकरूंना त्याची किंमत मोजावी लागली, त्याकडे मी पुढे येतो.

सवलत कशी द्यायची हा तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा भाग. पहिली गोष्ट, घोषणा करायच्या आधी जमिनीचं बघा. 'या पट्ट्यात अनुदान मिळणार' अशी बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी जमीनमालक भाव वाढवतो. विकासकाला २५ चं अनुदान मिळालं आणि जमीन २० ने महागली, तर तूट जवळपास होती तिथेच राहते आणि सरकारी पैसा अशा माणसाकडे जातो ज्याने एक वीटही लावलेली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या वेळी घोषणेचा मसुदा माझ्याच टेबलावरून गेला होता. म्हणून मोक्याच्या जागा आधी सरकारने घ्याव्यात किंवा ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क करारात बांधून घ्यावा. आणि सरकारी जमीन असेल तर ती विकण्याऐवजी दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे पुढे भाव वाढले तर त्यात शहराचा वाटा राहतो.

दुसरी, पैसे काम झाल्यावर द्या. अमेरिकेतली ऐतिहासिक इमारतींची २० टक्के करसवलत याच तत्त्वावर चालते. इमारत दुरुस्त होऊन वापरात आल्यावरच सवलत लागू होते, आणि पुढच्या पाच वर्षांत मालकाने ती विकली तर सवलतीचा वाटा परत द्यावा लागतो. कॅनडातल्या कॅल्गरीने २०२१ पासून रिकाम्या कार्यालयांची घरं करायला दर चौरस फुटामागे ७५ डॉलर देऊ केले, तेही काम पूर्ण झाल्यावर. विकासक म्हणेल की मला पैसे आत्ता हवेत. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पुढे मिळणाऱ्या खात्रीच्या सरकारी पैशावर बँक मधल्या काळाचं कर्ज देते. मी स्वतः अशी कर्जं मंजूर केली आहेत. बँकेला हवी असते ती सरकारची न डळमळणारी सही.

तिसरी, प्रकल्प अंदाजापेक्षा जास्त कमावू लागला तर जास्तीच्या कमाईत शहराचा हिस्सा करारात लिहून ठेवा. विकासक घासाघीस करेल, शेवटी मान्य करेल. जो अजिबात मान्य करत नाही, त्याला आपला प्रकल्प सरकारी मदतीशिवायही चालेल हे बहुधा ठाऊक असतं.

टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंगबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं. कल्पना सोपी आहे: एखाद्या भागाचा आजचा मालमत्ता कर गोठवायचा, पुढे किमती वाढून जो जास्तीचा कर येईल तो त्याच भागात खर्च करायचा, किंवा त्याच्या भरवशावर आत्ताच कर्जरोखे काढायचे. कॅलिफोर्नियाने हे १९५२ मध्ये सुरू केलं आणि बहुतेक राज्यांनी उचललं. कागदावर त्यात कोणाचंच नुकसान नाही. पण करवाढ फक्त योजनेमुळे झाली असं गृहीत धरलेलं असतं. महागाईने आणि शहराच्या सर्वसाधारण वाढीने जो कर तसाही वाढला असता, तोही याच भागात अडकतो आणि शाळांना, इतर वस्त्यांना मिळत नाही. कॅलिफोर्नियात अशा पुनर्विकास संस्थांची संख्या ४०० च्या घरात गेली आणि राज्याची तिजोरी रिकामी झाली तेव्हा, २०१२ मध्ये, त्या साऱ्या बंद केल्या गेल्या. या साधनाला माझा विरोध नाही. पट्टा लहान ठेवा, मुदत ठरवा, वाढीचा काही भाग पहिल्या दिवसापासून शाळांकडे जाऊ द्या, आणि भविष्यातल्या करावर आज मोठं कर्ज काढू नका. ज्या इमारती अजून उभ्याच नाहीत त्यांच्या करावर काढलेलं कर्ज फेडताना शहराने इतर वस्त्यांचे दिवे-पाणी कमी केलेलं मी पाहिलं आहे.

आता सरकारी पैशाने केलेल्या मोठ्या चुका. अमेरिकेच्या १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना जुन्या वस्त्या पाडायला केंद्राचा पैसा दिला. पिट्सबर्गमध्ये लोअर हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून सुमारे ८,००० माणसं हलवली गेली, १९६१ मध्ये तिथे मोठं सभागृह उघडलं, भोवती पार्किंगचे माळ. पन्नास वर्षांनी ते सभागृहही पाडलं. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनने औषध कंपनीच्या शेजारी नवा विकास व्हावा म्हणून लोकांची घरं सक्तीने संपादित केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवलं. चार वर्षांनी कंपनीने शहर सोडायचं जाहीर केलं आणि घरं पाडलेली ती जमीन वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिली. ओहायोतल्या कोलंबस शहराने १९८९ मध्ये मध्यभागात भव्य मॉल बांधला. २००९ मध्ये तो बंद झाला, पाडला गेला आणि २०११ मध्ये तिथे बाग आली. बाल्टिमोरचं हार्बरप्लेस हे बंदराकाठचं दुकानांचं संकुल १९८० मध्ये उघडलं तेव्हा जगभरची शिष्टमंडळं ते पाहायला गेली. २०१९ मध्ये ते न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेलं. या सगळ्यांत मला एकच धागा दिसतो. एक मोठी वस्तू, एक मालक, एक उपयोग. ती चालली नाही की अख्खा चौक बसतो. शंभर छोट्या मालकांच्या रस्त्यात दहा दुकानं बंद पडली तरी रस्ता उभा राहतो, आणि त्या दहांच्या जागी नवे लोक स्वस्तात येऊ शकतात.

कार्यालयांची घरं करण्याबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये न्यूयॉर्कने लोअर मॅनहॅटनसाठी करसवलत आणली आणि त्यातून जवळपास १३,००० घरं तयार झाली, म्हणजे हे जमतं. पण सगळ्याच इमारतींत जमत नाही. जुन्या, अरुंद इमारतीत खिडकी कुठूनही जवळ असते. १९७० नंतरच्या रुंद, काचबंद मजल्यांत मधल्या भागात उजेड पोहोचत नाही आणि संडास-न्हाणीचे पाइप सगळे एका कोपऱ्यात असतात. सवलत जाहीर करायच्या आधी एखाद्या वास्तुविशारदाला प्रत्येक इमारतीच्या मजल्यावर खिडकीपासून आतपर्यंतचं अंतर मोजायला लावा. एवढ्यावर निम्म्या इमारती यादीतून गळतील आणि वाद कमी होतील. मध्यभागात माणसं राहायला येणं हेच सगळ्यात टिकाऊ औषध आहे, कारण राहणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ आणि सुटीच्या दिवशीही दुकान लागतं.

देखभालीवर लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण रस्ते तिथेच हरतात. मिशिगनमधल्या कालामाझू शहराने १९५९ मध्ये मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला, अमेरिकेत नवी वाट पाडली, आणि १९९८ मध्ये त्याच्या काही भागात पुन्हा गाड्या आणल्या. रस्ता चालणाऱ्यांसाठी केला की माणसं आपोआप येतात असं नाही. रोज झाडणारा, दिवे बदलणारा, कार्यक्रम ठरवणारा कोणीतरी लागतो. टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये यावर तोडगा काढला: भागातल्या सगळ्यांनी जास्तीची पट्टी भरायची, नगरपालिकेने ती करासोबत वसूल करायची, खर्च मात्र व्यापाऱ्यांच्याच मंडळाने ठरवायचा. पट्टी सक्तीची असल्याने कोणी फुकटात फायदा घेऊ शकत नाही. आज बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट या नावाने ही पद्धत जगभर आहे. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क, जिथे लोक दिवसाही जायला घाबरत, १९९२ मध्ये पुन्हा उघडलं, त्यात अशा पैशाचा हातभार होता. तुमच्या योजनेत बांधकामाच्या शेजारी दहा वर्षांच्या देखभालीचा रकाना नसेल, तर बांधकाम एक तृतीयांशाने कमी करा आणि तो रकाना भरा.

आता ज्याबद्दल मला मनापासून वाटतं ते. एका शहरात आम्ही मुख्य रस्ता नव्याने केला. जमिनीखालच्या वाहिन्या बदलल्या, फुटपाथ रुंद केले. काम वर्षात संपायचं होतं, त्याला दीडपट वेळ लागला. आराखडा चांगला होता, आजही रस्ता चांगला चालतो. पण त्या काळात धूळ आणि अडथळ्यांमुळे गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि वर्षानुवर्षांची दुकानं बंद पडली. ज्यांनी वाईट दिवसांत तो रस्ता धरून ठेवला होता, तेच चांगले दिवस येताना तिथे नव्हते. आमच्या अंदाजपत्रकात दगडांसाठी, झाडांसाठी, उद्घाटनासाठी तरतूद होती, त्यांच्यासाठी नव्हती. तो तक्ता मी केला होता. तेव्हापासून अशा कोणत्याही कामात मी आधी तीन गोष्टी मागतो: रस्ता तुकड्यातुकड्याने खोदायचा, म्हणजे कोणाच्याही दारासमोर काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ खड्डा राहणार नाही, कामाच्या काळात भाडं आणि पगार निघतील एवढी थेट मदत, आणि ज्या मालकाला इमारत दुरुस्तीचं अनुदान हवं आहे, त्याने जुन्या भाडेकरूला ठरलेल्या भाड्याने निदान काही वर्षांचा करार द्यायचा. राहणाऱ्यांच्या बाबतीतही तसंच. परवडणारी घरं भाव वाढल्यावर मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. ती जमीन स्वस्त असताना, म्हणजे सगळं पडीक दिसत असतानाच बाजूला काढावी लागतात. सिनसिनाटीत आणि इतर कित्येक ठिकाणी ही गोष्ट उशिरा सुचली.

तेव्हा तुमच्या तीन गटांकडे परत येतो. पहिल्या गटाला मी सांगेन, सरकारने आधी खर्च करावा हे खरं, पण जमिनीखाली, रस्त्यावर आणि जमिनी एकत्र आणण्यावर. दुसऱ्याला सांगेन, सवलत मिळेल, पण काम झाल्यावर, तूट सिद्ध केल्यावर आणि हिस्सा मान्य केल्यावर. तिसऱ्याची शंका मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्याला देखरेख समितीवर घ्या आणि विकासकाचा पूर्ण हिशेब बघू द्या.

पुढच्या बैठकीला जाण्याआधी एक काम करा. वही घेऊन मध्यभागातला प्रत्येक रस्ता पायी फिरा आणि दर इमारतीची नोंद करा: तळमजल्याचा गाळा चालू की बंद, वरचे मजले वापरात की रिकामे, मालक कोण, किती वर्षांपासून बंद. माझ्या अनुभवात असं दिसतं की रिकामेपणाचा मोठा भाग मोजक्या मालकांकडे असतो, आणि त्यातल्या निम्म्यांशी आजवर कोणी अधिकारी बोललेलाच नसतो. त्यांना एकेकट्याने भेटा आणि विचारा, नेमकं काय झालं तर तुम्ही कुलूप काढाल. कोणी वारसांच्या भांडणात अडकलेला असेल, कोणाला एका जिन्याची परवानगी मिळत नसेल, कोणाला खरोखरच २५ ची तूट असेल. पहिल्या दोघांना पैशाची गरजच नाही. तरतूद तिसऱ्यासाठी राखून ठेवा.